उतरण्यापूर्वी हवेची परीक्षा

हाताने मैला साफ करण्याच्या कामावर माणसे नेमण्यास बंदी घालणारा आणि त्या माणसांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा कायदा संसदेने २०१३ साली संमत केला. तो अमलात आला ६ डिसेंबर २०१३ रोजी. या तारखेचे महत्त्व आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. त्याच महिन्यात या कायद्याखालील नियमही प्रसिद्ध झाले. गटारात किंवा मैल्याच्या टाकीत माणूस उतरविण्याची वेळ आलीच, तर मालकाने त्याला कोणकोणती साधने पुरविली पाहिजेत याची ४४ वस्तूंची यादी त्या नियमांत आहे. हातमोजे, गमबूट, नायलॉनच्या दोरीची शिडी, शिरस्त्राण, अंगाला बांधावयाचा पट्टा अशा ओळखीच्या नावांमध्ये ‘गॅस मॉनिटर, चार वायूंचा’ अशी एक नोंद आहे. तळहातावर मावेल एवढे हे यंत्र. प्रस्तुत लेख त्या एका नोंदीविषयी आहे.

इतिहासाच्या शिक्षकांनी विज्ञानाच्या प्रांतात पाऊल का टाकावे, असे आमचे विज्ञानशाखेतील सहकारी थट्टेने विचारतात. त्यावर आमचे म्हणणे असे की, ज्या यंत्राचा संबंध कोणाच्या जगण्यामरण्याशी आहे आणि ते यंत्र कोणापर्यंत किती उशिरा पोहोचले याला जातीचा संदर्भ आहे, तो विषय इतिहासाचाही ठरतो. शिवाय आमच्या वसतिगृहातून शिकून गेलेले अनेक विद्यार्थी आज कोठे अभियंते आहेत, कोठे महापालिकेच्या सेवेत आहेत, तर कोठे आपापल्या गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस आहेत. टाकीचे झाकण कोणाच्या सांगण्यावरून उघडते, याचा विचार केला तर हा पाठ त्यांच्यासाठी आहे, हे ध्यानी येईल.

प्रथम हवेविषयी. आपण श्वासावाटे घेतो त्या स्वच्छ हवेत प्राणवायूचे प्रमाण २०.९ टक्के असते. बंद टाकीत मैला साचून राहिला की प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू त्याचे विघटन करू लागतात. त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निर्माण होतात. मिथेनला ना रंग, ना वास. हवेत तो सुमारे ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत असला की एक ठिणगी स्फोटाला पुरते. हायड्रोजन सल्फाइड मात्र विषारी आहे आणि त्याचा स्वभाव मोठा कपटी आहे. अगदी अल्प प्रमाणात असताना त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले की काही मिनिटांतच नाकातील गंधाची जाणीव बधिर होते. वास नाहीसा होतो आणि वायू तेथेच राहतो. ‘मघाशी घाण येत होती, आता गेली’ असे म्हणून माणूस निर्धास्त होतो, ती घटका सर्वांत धोक्याची. प्रमाण ७०० ते १,००० भागांपर्यंत गेले, तर काही श्वासांतच शुद्ध हरपते.

नाकाच्या अनुभवावर विसंबून काम करणाऱ्या माणसाला अडाणी समजण्याची चूक येथे कोणी करू नये. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना या कामाला जुंपले गेले, त्यांनी आपले डोके चालवून परीक्षेच्या रीती शोधल्या होत्या. चेंबरचे झाकण काढून काही वेळ थांबणे, आत झुरळे जिवंत आहेत का ते पाहणे, पेटती काडी टाकून पाहणे, या त्या रीती. साधन कोणी दिले नाही, म्हणून ज्योत आणि कीटक हीच साधने झाली.

ज्योतीची परीक्षा आपल्या शेतकरी समाजालाही परिचित आहे. सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळद साठविण्याची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीत खोल खणलेले, वर अरुंद तोंडाचे हे कोठार उघडल्यावर लगेच आत न उतरता ते काही तास उघडे ठेवावे, मग पेटता कंदील आत सोडून पाहावा आणि तो विझला नाही तरच माणसाने उतरावे, अशी तेथील रीत. ती शास्त्राला धरूनच आहे. प्राणवायू साधारण १६ टक्क्यांच्या खाली गेला की ज्योत विझते आणि माणूसही त्या हवेत फार काळ नीट उभा राहू शकत नाही. पेवात प्रश्न प्राणवायूच्या तुटीचा असतो, म्हणून तेथे कंदील खरे बोलतो. मैल्याच्या टाकीत मात्र तोच कंदील दोन प्रकारे घात करतो. प्राणवायू पुरेसा असेल, तर हायड्रोजन सल्फाइड प्राणघातक प्रमाणात असूनही ज्योत शांतपणे जळत राहते. आणि मिथेन साचलेला असेल, तर ज्योतच स्फोटाचे कारण होते. एका जागी अनुभवाने सिद्ध झालेली रीत दुसऱ्या जागी नेली की ती जीव घेऊ शकते, हे शिकविण्यास याहून चांगले उदाहरण आम्हांस आजवर सापडलेले नाही.

ज्योतीचा हाच पेच इंग्लंडमधील कोळशाच्या खाणीत उभा राहिला होता. तेथे उजेडासाठी दिवा हवाच आणि दिवा नेला तर मिथेनचा भडका. २५ मे १८१२ रोजी फेलिंग येथील खाणीत झालेल्या स्फोटात ९२ माणसे व मुले दगावली. त्यानंतरच्या हालचालींतून १८१५ साली हम्फ्री डेव्ही यांनी सुरक्षा-दीप सिद्ध केला. त्यांची युक्ती साधी होती. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवावयाची. वायू जाळीतून आत येतो आणि जळतोही, पण ज्योतीची उष्णता जाळीचा धातू शोषून घेतो, त्यामुळे बाहेरचा वायू पेट घेत नाही. या दिव्याने उजेड दिलाच, शिवाय परीक्षाही दिली. वात बारीक केली असता ज्योतीच्या वर निळसर प्रभेची टोपी दिसे आणि तिच्या उंचीवरून मिथेन किती, हे जाणकार सांगत. हातात धरून नेता येणारे पहिले वायुशोधक यंत्र ते हेच.

त्याच वर्षी जॉर्ज स्टीफन्सन यांनीही स्वतंत्रपणे असाच दिवा बनविला होता. ते खाणकामगाराच्या घरात जन्मलेले आणि अठराव्या वर्षी अक्षर शिकलेले. असा मनुष्य असा शोध लावूच कसा शकतो, या संशयाने प्रतिष्ठितांनी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला. अखेर १८३३ साली ब्रिटिश संसदेच्या समितीने दोघांचा हक्क समान असल्याचे मान्य केले. ज्ञान कोणाच्या घरी जन्म घेऊ शकते याविषयीची ही मग्रुरी आपल्या ओळखीची आहे. असो.

पुढे जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून कार्बन मोनॉक्साइड ओळखण्यासाठी खाणीत पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी नेऊ लागले. माणसाच्या आधी तो लहानगा जीव कोलमडे आणि खाणकामगार माघारी फिरत. ब्रिटनमधील खाणींतून हे पक्षी १९८६ साली निवृत्त झाले आणि त्यांची जागा विद्युत यंत्रांनी घेतली. आमच्या एका विद्यार्थिनीने यावर विचारले होते, “सर, मग आपल्याकडे पक्ष्याच्या जागी कोण होते?” वर्गात कोणीही उत्तर दिले नाही आणि देण्याची गरजही नव्हती.

भारतातील खाणींसाठी ब्रिटिश आमदानीतच कायदे झाले. पाळी खाली उतरण्यापूर्वी वायूची परीक्षा करणारा अधिकृत माणूस, त्याचे प्रमाणपत्र, त्याने लिहावयाची नोंदवही ही व्यवस्था खाणींत रुजली. आपल्या चंद्रपूर-वणीच्या कोळसापट्ट्यातील भूमिगत खाणींनाही तीच शिस्त लागू झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी झरिया-धनबाद परिसरातील कोळसाखाणींना भेट दिली आणि स्वतः भूगर्भात उतरून काम कसे चालते ते पाहिले. खाणीतील सुरक्षिततेचा प्रश्न त्यांच्या खात्याच्या कामाचा भाग होता. जमिनीखाली काम करणाऱ्या माणसाच्या भोवतीची हवा ही शासनाच्या जबाबदारीची बाब आहे, हे तत्त्व खाणींपुरते तरी मान्य झालेले होते. गटारात उतरणारा माणूसही जमिनीखालीच काम करतो. पण त्याच्यासाठी वायुमापकाचे नाव देशाच्या नियमांत छापले गेले ते २०१३ साली, म्हणजे डेव्हीच्या दिव्यानंतर १९८ वर्षांनी. या दोन तारखांमधील अंतर तंत्रज्ञानाच्या अडचणीचे नाही.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. त्यात चार संवेदक असतात, म्हणजे चार वेगवेगळी ज्ञानेंद्रिये.

पहिला संवेदक प्राणवायूचा. ही खरे तर एक लहानशी विद्युत-घटमाला आहे. एका पातळ पडद्यातून किंवा सूक्ष्म छिद्रातून हवा आत येते, प्राणवायूची शिशाशी रासायनिक क्रिया होते आणि तेवढ्या प्रमाणात वीज वाहते. प्राणवायू घटला की वीज घटते आणि पडद्यावरील आकडा उतरतो. सामान्यतः १९.५ टक्क्यांवर यंत्र ओरडू लागते. या प्रकारच्या संवेदकातील शिसे यंत्र वापरा अथवा कपाटात ठेवा, सारखे झिजत असते, म्हणून दोनेक वर्षांत तो बदलावाच लागतो.

येथे एक छोटे गणित करून पाहण्यासारखे आहे. आकडा २०.९ वरून १९.९ वर आला, म्हणजे फक्त एक टक्का कमी झाला, असे वाटते. पण हवेत प्राणवायू साधारण एक पंचमांश. तो एक टक्क्याने घटला, याचा अर्थ जवळजवळ ५ टक्के हवा बाजूला सारून दुसरा कोणता तरी वायू तेथे आला आहे, असा असू शकतो. पाच टक्के म्हणजे दहा लाखांत पन्नास हजार भाग. तो वायू मिथेन असेल तर स्फोटाची सीमा गाठली गेली, आणि विषारी असेल तर बोलावयासच नको. भोंगा वाजलेला नाही म्हणून हवा चांगली, असे समजणाऱ्याने हे गणित एकदा पाटीवर करावे.

दुसरा संवेदक ज्वालाग्राही वायूंचा. अमेरिकेत ऑलिव्हर जॉन्सन यांनी १९२६-२७ च्या सुमारास या तत्त्वावरचे यंत्र बनविले. आजच्या यंत्रात प्लॅटिनमच्या तारेची दोन सूक्ष्म वेटोळी मण्यांत बसविलेली असतात. एका मण्यावर उत्प्रेरकाचा लेप असतो, दुसऱ्यावर नसतो. दोन्ही विजेने तापविलेले असतात. मिथेन आला की लेप असलेल्या मण्यावर तो ज्वाळेविना जळतो, मणी अधिक तापतो आणि तारेचा विद्युतरोध वाढतो. दोन मण्यांच्या रोधातील फरक मोजला की वायूचे प्रमाण कळते. बारावीच्या भौतिकशास्त्रातील व्हीटस्टनचा सेतू येथे कामास येतो. हा तापलेला मणी स्वतःच आग लावू नये म्हणून त्यावर सच्छिद्र धातूची चकती बसविलेली असते. वायू आत जातो, ज्वाळा बाहेर येत नाही. डेव्हीची जाळी दोनशे वर्षांनंतर नखाएवढी होऊन त्या यंत्रात बसलेली आहे, हे पाहून इतिहासाच्या माणसाला आनंद झाल्यावाचून राहत नाही.

हा संवेदक मिथेनची टक्केवारी थेट सांगत नाही. स्फोटाच्या खालच्या मर्यादेपैकी किती वाट चालून झाली, ते सांगतो. मिथेनची ती मर्यादा ५ टक्के धरली तर पडद्यावरील १० चा अर्थ हवेत अर्धा टक्का मिथेन. बहुधा येथेच पहिला इशारा वाजतो. त्याच्या उणिवाही ठाऊक हव्यात. वायू जाळण्यासाठी त्याला प्राणवायू लागतो. टाकीत प्राणवायू फारच कमी असेल तर मिथेन भरपूर असूनही आकडा खोटा, लहान दिसतो. म्हणून आधी प्राणवायूचा आकडा वाचावा, मग ज्वालाग्राही वायूचा आणि नंतर विषारी वायूंचा. शिवाय सिलिकोनयुक्त पदार्थांच्या वाफेने हा मणी कायमचा निकामी होतो आणि निकामी मणी नेहमी ‘शून्य’ दाखवितो. शून्य हा आकडा दिलासा देणारा दिसतो, म्हणून तोच तपासून घ्यावा.

तिसरा संवेदक हायड्रोजन सल्फाइडचा आणि चौथा कार्बन मोनॉक्साइडचा. दोन्ही विद्युत-रासायनिक. वायूचे रेणू विद्युतअग्रावर येऊन क्रिया करतात आणि अत्यंत क्षीण प्रवाह निर्माण होतो. तो मोजून दहा लाखांतील भागांचा आकडा मिळतो. हायड्रोजन सल्फाइडसाठी १० आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी ३५ भागांवर सामान्यतः पहिला इशारा ठेवलेला असतो. गटारात कार्बन मोनॉक्साइड कोठून आला, असे वाचक विचारतील. तो पुष्कळदा वरूनच येतो. टाकीच्या तोंडाशी चालू ठेवलेल्या पंपाच्या किंवा जनरेटरच्या धुरातून.

चार संवेदक कशासाठी, ज्वालाग्राही वायूचा एकच पुरणार नाही का, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतच आहे. हायड्रोजन सल्फाइडही पेट घेतो, पण त्यासाठी त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के, म्हणजे दहा लाखांत चाळीस हजार भाग व्हावे लागते. माणूस १,००० भागांतच मरतो. म्हणजे स्फोटाच्या मर्यादेच्या अवघ्या अडीच टक्क्यांवर. ज्वालाग्राही संवेदकाचा भोंगा तोवर मुकाच राहील.

यंत्र हाती असणे निराळे आणि ते वापरता येणे निराळे. ते टाकीपासून दूर, मोकळ्या हवेत सुरू करावे. दूषित हवेत सुरू करून शून्य लावले, तर ते त्या हवेलाच चांगली समजते. काम सुरू करण्यापूर्वी ठाऊक प्रमाणाचा वायू त्यावर सोडून चारही भोंगे वाजतात की नाही हे पाहावे आणि ठरावीक मुदतीने त्याचे अंशांकन करून घ्यावे. झाकण उघडल्यावर यंत्राची नळी वर, मध्ये आणि तळाशी, अशी सोडून प्रत्येक ठिकाणी मिनिट-दोन मिनिटे थांबावे. मिथेन हवेपेक्षा हलका, हायड्रोजन सल्फाइड किंचित जड, आणि बंद टाकीत दोन्ही कोठेही दडून बसू शकतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकदा तपासून भागत नाही. गाळात विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड फावडे लागताच उसळून बाहेर येतो. उतरण्यापूर्वी शुद्ध ठरलेली हवा पाच मिनिटांत मारक होते. यंत्र वर मुकादमाच्या खिशात असून उपयोग नाही, ते आतल्या माणसाच्या छातीवर, श्वासाजवळ हवे.

आत एक जण कोसळला की दुसरा त्याला वाचवावयास धावतो आणि त्याच्या पाठोपाठ तिसरा. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षाविषयक राष्ट्रीय संस्थेने १९८६ साली नोंदविले की, अशा बंदिस्त जागांतील मृतांपैकी निम्म्याहून अधिक, ६० टक्क्यांच्या वर, वाचविण्यासाठी गेलेलेच होते. माणुसकीच येथे जीव घेते. यावर उपाय एकच: आतला माणूस अंगपट्ट्याने आणि दोराने वरच्या तिवईला बांधलेला असावा, म्हणजे कोणी न उतरता त्याला ओढून घेता येते. तिवई आणि अंगपट्टा त्या ४४ वस्तूंच्या यादीत आहेतच.

यादी आहे, पण वस्तू नाहीत. केंद्र सरकारने २०२२ आणि २०२३ या वर्षांतील अशा ५४ मृत्यूंचे सामाजिक लेखापरीक्षण करविले, त्यांत ४९ जणांजवळ कोणतेही सुरक्षा-साधन नव्हते. २०२२ सालीच आपल्या पुण्याच्या वेशीवर, मार्चमध्ये लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्ती येथे आणि ऑक्टोबरमध्ये वाघोली येथे, मैल्याच्या टाक्यांत कामगारांचे बळी गेले. शहर पसरत गेले, इमारती उठल्या, गटारांचे जाळे मागे राहिले. म्हणून नव्या वसाहतींच्या पोटात टाक्या आहेत आणि त्या भरतात.

कायद्याच्या शब्दांतही एक फट आहे आणि ती सांगितली पाहिजे. ‘धोकादायक सफाई’ला कायद्याने बंदी आहे, पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. परंतु धोकादायक सफाई म्हणजे साधने न पुरविता करविलेली हाताने सफाई, अशी व्याख्या आहे. साधने दिली की तेच काम व्याख्येबाहेर जाते. म्हणून हे यंत्र कामगाराची ढालही आहे आणि मालकाची पळवाटही होऊ शकते. आमचे मत असे की, मैला सक्शन गाडीने उपसावा, माणूस उतरविण्याचा प्रसंगच आणू नये. आणि यंत्राच्या आकड्याचा उपयोग ‘उतरू नकोस’ असे सांगण्यासाठी करावा.

मृत्यूनंतरचे आकडे न्यायालयांनी ठरविले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाखांवर नेली. मुंबईत गोवंडी येथे डिसेंबर २०१९ मध्ये एका गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत तीन कामगार मरण पावले, तेव्हा त्यांच्या पत्नींना उच्च न्यायालयात जावे लागले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांना भरपाई देण्याचा आदेश झाला. चार वायूंचे यंत्र एका चांगल्या मोबाइल फोनच्या किमतीच्या आसपास येते.

आपल्या संस्थेतील टाकी उपसण्याचे काम ठेकेदाराला देताना सभेच्या इतिवृत्तात पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात: काम सक्शन गाडीने होईल, कोणीही आत उतरणार नाही, आणि झाकण उघडल्यापासून बंद होईपर्यंत चार वायूंचे यंत्र तेथे चालू राहील. ठेकेदाराने यंत्र दाखविले, तर त्याचे शेवटचे अंशांकन कोणत्या तारखेला झाले ते विचारावे. तारीख सांगता आली नाही, तर त्या दिवशी झाकण उघडू देऊ नये.